डावीकडे न वळणारे मास्तर

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांकडे दोन गोष्टी अशा होत्या, की ज्या चारचौघांकडे नसतात. एक म्हणजे गोड गळा आणि दुसरी म्हणजे पायाखालचा जादा ब्रेक. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक बसवलेला असतो. तो दाबून दाबून त्यांच्या पायाला अशी सवय जडली होती, की घरी सोफ्यावर बसूनही बायकोचं बोलणं वेगात आलं की ते जमिनीवर पाय दाबत. बायको त्या ब्रेकला कधी थांबली नाही, ही गोष्ट वेगळी.

गळ्याचा मान मात्र सासरी होता. सगळे जमले, जेवणं झाली, की सासरेबुवा लोडाला टेकून म्हणायचे, "हं, थोरले जावई, होऊ द्या!" मग मास्तर "छे, छे, आज घसा बसलाय" असं म्हणून, घसा खाकरून, तीन गाणी म्हणायचे. त्या घरात त्यांची ओळख तीच होती. दुसरा जावई म्हणजे त्यांचा धाकटा साडू. त्याला सगळे 'टकळी' म्हणत, कारण त्याचं तोंड झोपेतही बंद नसे.

हा टकळी एकदा मास्तरांकडे गाडी शिकायला आला होता. दुसरा गिअर टाकता टाकता तो इतकं बोलला, की गाडी दुभाजकावर चढली. "बाबा रे, तुझ्या तोंडाला गिअर आहेत, हाताला नाहीत," असं म्हणून मास्तरांनी शिकवणी बंद केली. सासरी हा किस्सा त्यांनी गाण्यांच्या मधल्या वेळात पुष्कळदा सांगितला. टकळीही पोट धरून हसायचा.

आणि त्याच टकळीचा रॅपचा पहिला अल्बम आला. नाव 'तोंड आवर'. लोकांनी तो असा उचलून धरला, की विचारू नका. न्हाव्याकडे तोच, लिफ्टमध्ये तोच, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना तोच. सख्खा भाऊ पुढे गेला तर माणूस आनंदानं रडतो, मित्र पुढे गेला तर नुसता रडतो. पण साडू पुढे गेला तर रडायचीही सोय नसते, कारण बायको बघत असते.

"याला गाणं म्हणतात?" मास्तर म्हणाले. "चाल नाही, सूर नाही. भाजीवालाही याहून बरा ओरडतो."

"अहो, एकदा ऐका तरी. त्यात एके ठिकाणी तुमचं—"

"त्या अल्बमचं नाव या घरात काढायचं नाही!"

टकळीचे फोनही मास्तरांनी घेतले नाहीत. सासरेबुवांचा पंचाहत्तरावा वाढदिवस महिन्यावर आला होता, आणि त्या दिवशी 'होऊ द्या' कुणाला म्हणणार, या एकाच विचारानं त्यांना घास गोड लागत नव्हता.

त्यात मोठ्या चौकात डावीकडच्या वळणावरच टकळीचं पोस्टर. चांगलं दुमजली. त्यातले नुसते दातच मास्तरांच्या दरवाज्याएवढे. पहिल्या दिवशी ते दिसताच मास्तरांनी ब्रेक दाबला आणि मागच्या टेम्पोवाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रस्ताच बदलला. चौक आला की उजवीकडे. पुढच्या चौकात पुन्हा उजवीकडे. गाडी रोज उजवीकडून गोल फिरून शाळेच्या दारात यायची.

परिणाम परीक्षेत दिसला. परीक्षक म्हणाले "डावीकडे घ्या", आणि मास्तरांची अख्खी तुकडी एकामागून एक फुटपाथवर गेली.

शाळेच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. "मास्तर, आपल्या शाळेची मुलं उजवीकडेच वळतात म्हणे? बाकीची अर्धी दुनिया त्यांनी बघायची नाही का? उद्यापासून मोठा चौक. डावीकडे."

दुसऱ्या दिवशी गाडीवर शिकायला एक नर्सबाई होत्या. रोज सुया टोचणारी ही धीट बाई, पण स्टिअरिंग हातात आलं की पेशंट व्हायची. चौकात सिग्नल लाल लागला. समोर ते दात. मास्तरांनी मान फिरवली, तर शेजारच्या गाडीच्या काचा खाली आणि आत तोच अल्बम, मोठ्यानं.

"घाई कुणाला? कुणालाच नाही! आरसा बघ, मागे बघ, सोड आता पाय!"

मास्तर ऐकतच राहिले. शब्द त्यांचे. 'कुणालाच' वर आवाज चढवून 'नाही' वर खाली आणायची लकबसुद्धा त्यांचीच. शिकाऊ माणूस घाबरला की ते नेमकं असंच म्हणायचे. नर्सबाईही त्या तालावर पुटपुटत होत्या. सिग्नल हिरवा होताच त्यांनी आरशात बघितलं, मागे बघितलं, पाय सोडला, आणि गाडी लोण्यासारखी डावीकडे वळली. म्हणजे वळलीच असती. मास्तरांचा पाय ब्रेकवर होता.

"मास्तर, पाय काढा की!"

"हे... हे माझं आहे."

"अहो, सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायला मिळतं म्हणून तर मी या शाळेत आले!"

मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला होता. मास्तरांना तो ऐकूच येत नव्हता.

वाढदिवसाला जेवणं झाली. सासरेबुवा लोडाला टेकले, एकदा थोरल्याकडे बघितलं, एकदा धाकट्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अडखळले. मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला.

टकळीच बोलला. "बाबा, मी नुसती नक्कल करतो. अस्सल माल इथे बसलाय. दादा, किती फोन केले तुम्हाला! रागावलात ना?"

"छे! माझा... घसा बसला होता," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी खाकरून 'घाई कुणाला' म्हटलं. सगळं घर ओरडत होतं, सासरेबुवा 'सोड आता पाय' ला खरंच पाय उचलत होते. पण पुढची तीन गाणी कुणी मागितली नाहीत. तेच कडवं चार वेळा म्हणायला लावलं. इतकी वर्षं सूर लावला आणि वाहवा मिळाली ती खेकसण्याला, हे मास्तरांना टोचत राहिलं.

घरी जाताना ते बायकोला म्हणाले, "त्यानं फार भरभर म्हटलंय ते. वाक्यच मुळी घाई करू नका असं आहे!"

"हो ना," बायको म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतः फोन लावला. "ये शिकायला. तुझं डावं वळण राहिलंय."

मोठ्या चौकात, दुमजली दातांच्या बरोबर खाली, टकळीनं गाडी अगदी व्यवस्थित वळवायला घेतली आणि ती गचका खाऊन बंद पडली. माणसं धावली, फोन निघाले, फोटो सुरू झाले.

"दादा, मी काही चुकलो का?"

"घाई कुणाला?" केसांवरून हात फिरवत, खिडकीकडे तोंड करून मास्तर म्हणाले. त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता.