लेकीच्या दारापुढची हॉटेलं

आमच्या गल्लीत खायची चंगळ आहे, असं सगळे म्हणतात. लातूरला शिकायला येणाऱ्या बाहेरगावच्या पोरांमुळे रिकामं शटर दिसलं की तिथं हॉटेल निघतं. इडली-डोसा, आंध्रा मेस, बिर्याणी, चायनीजची गाडी, पुरीभाजी. सगळं स्वस्त आणि सगळं गरम. लग्न होऊन आल्यापासून यातल्या एकाही ठिकाणी मी घास घेतलेला नाही, पण बसले मात्र सगळीकडे आहे. आबांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. चाकूरजवळच्या खेड्यात आमची शेती. पायाच्या जखमेची पट्टी बदलायला ते दर बुधवारी एसटीने यायचे. दवाखाना झाला की माझ्या घरी खुर्चीवर टेकायचे, पिशवीतून शेंगा, वांगी काढून द्यायचे आणि गावाहून आणलेल्या बाटलीतलंच पाणी प्यायचे. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत. "तुला लेकरू झालं की जेवीन की पोटभर," असं पूर्वी म्हणायचे. मी चाळिशी ओलांडल्यावर तेही म्हणायचं सोडलं. नुसते उठायचे आणि हॉटेलाकडे चालू लागायचे. मी आपली मागोमाग.

काय काय बघितलं म्हणून सांगू! चार ग्लास चार बोटं आत बुडवून आणणारा वेटर. ज्या फडक्याने टेबल पुसायचं, त्यानेच ताट. कढईतलं तेल डांबरासारखं. बेसिनपाशी कुणीतरी आतड्यापासून खाकरतंय आणि आबा शांतपणे पुरी मोडताहेत. एकदा सांबारात झुरळाचा पाय निघाला. "कडीपत्त्याची काडी हाय," म्हणून आबांनी तो बाजूला सारला आणि वाटी तोंडाला लावली. परक्याची घाण चालते आणि पोटच्या पोरीची भाकरी चालत नाही! आग लागो असल्या रीतीला.

जखम काही भरेना. साखर वाढत चाललेली. शेवटी डॉक्टर आबांवर डाफरले, "बाहेरचं तेलकट बंद करा, नाहीतर बोट कापावं लागेल." बाहेर आल्यावर मी हात जोडले. "आबा, आता तरी घरी चला."

"उपाशी ऱ्हातो की. एका येळंनं काय मरायलो का मी?"

साखरेच्या माणसाने उपाशी राहायचं!

कोपऱ्यावर एका चाचांची छोटी खानावळ आहे. त्यांना गाठून सगळं सांगितलं. "डबा आण बेटी, मी माझ्या ताटात वाढतो. आपलं काय जातंय?" ते म्हणाले. पुढच्या बुधवारी ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी आणि मुगाचं वरण मी मागच्या दाराने पोचतं केलं. ताट मात्र माझ्या हाताने घासलं, चाचांना राग आला तर येवो.

"इथं कमी तेलाचं मिळतं," म्हणून आबांना तिथं नेलं. ते बसले. भाकरी मोडली आणि थांबले. उरलेली भाकरी उलटी करून पाहिली. आता उठतात की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. मग ते मान खाली घालून जेवायला लागले. दुसरी भाकरी मागितली. ताट बोटाने निपटून घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

जेवण झाल्यावर ते गल्ल्यापाशी गेले आणि बंडीच्या खिशातून नोटा काढल्या. चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, "राहू द्या, काका."

आबांचा आवाज चढला. "घ्या! फुकट खात न्हाई मी कुणाचं."

एसटी स्टँडला जायला रिक्षा थांबवली. आत बसून त्यांनी दुखरा पाय नीट ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फुडल्या बुधवारी मेथीत मीठ कमी टाक."

रिक्षा गेली. चाचा बाहेर आले आणि त्यांनी त्या नोटा माझ्या तळहातावर ठेवल्या. "ये तेरे हैं, बेटी."

बाप माझ्या हातचं जेवला होता आणि गिऱ्हाइकासारखे पैसे देऊन गेला होता. त्या नोटांची अशी शिसारी आली की घरी येऊन साबणाने हात धुतले. पुढच्या बुधवारी मीठ मात्र कमी टाकलं.