पाच वर्षांची गॅप

आधी काकींचं सांगते, मग माझं. उलट्या क्रमाने सांगितलं की सगळं मीच केलं असं वाटतं, आणि तसं वाटून घ्यायची सवय मला आताशा लागू पाहते आहे. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे ना.

काकी म्हणजे माझ्या घरमालकीण. भिवंडीजवळ राहनाळला त्यांची दहा खोल्यांची चाळ आहे आणि चाळीच्या मागे एक गोदाम, भाड्याने दिलेलं. त्या जागेवर पूर्वी त्यांचं भात व्हायचं, म्हणून काकी अजूनही गोदामाला शेतच म्हणतात. "आज शेतान तीन कंटेनर आयले," असं त्या सहज सांगतात. मी हिंगोलीकडून नवीन आले तेव्हा मला वाटलं, इथली शेती फारच पुढे गेलेली दिसते.

त्या शेतात मी पाच वर्षं पॅकिंगला होते. अकरावीत नाव घातलं होतं, पण दिवाळीनंतर गेलेच नाही. घरात एकाच्याच शिक्षणाचं जमत होतं, आणि भाऊ माझ्याहून हुशार आहे असं सगळ्यांचं मत होतं. त्या सगळ्यांत मीही होते. गावातल्या दोन बायकांबरोबर भिवंडीला आले. खोका उघडायचा, वस्तू घालायची, टेप मारायची, लेबल चिकटवायचं, पुढे सरकवायचं. संध्याकाळी ठेकेदार दारात उभा राहून एकेकीकडे बोट करायचा. "तू कल आना. तू मत आना." माझ्या आयुष्याचं नियोजन त्या बोटापर्यंत असायचं.

मग काकींची साखर वाढली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. जमिनीच्या व्यवहारात काकींनी मोठमोठे दलाल रडवले आहेत, पण सुई दिसली की त्या डोळे मिटून देवाचं नाव घेतात. दवाखान्यातल्या सिस्टरने त्यांच्या सुनेला शिकवायला घेतलं, तर सून काकींच्याही आधी घेरी येऊन खाली बसली. मी नुसती औषधांची पिशवी धरायला गेले होते.

"मग तू बघ गं," सिस्टर म्हणाली.

मी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी काकींना सुई द्यायला लागले.

"तुजा हात हलका हाय गो," काकी आठवड्याभराने म्हणाल्या. "टेप मारून कशाला फुकट घालवतंस? सिस्टर हो."

"काकी, त्याला बारावी लागते."

"मंग कर बारावी. ती काय फकस्त मुंबयला मिलते?"

बारावी इथेच मिळाली. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता, बाहेरून. अभ्यासाच्या महिन्यांत काकींनी खोलीचं भाडं घेतलं नाही, आणि पुढे ते मागायला विसरल्या. काकी एरवी काहीही विसरत नाहीत.

नर्सिंग कॉलेजात जागा लागली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. आठ दिवसांत दोन गोष्टी आणायच्या होत्या : फीचा पहिला हप्ता, आणि अकरावी सोडल्यापासूनच्या पाच वर्षांत मी काय करत होते याचं प्रतिज्ञापत्र. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

प्रतिज्ञापत्राचं सोपं होतं. कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसतात, त्यांच्याकडे मजकूर तयारच असतो. नाव आणि वर्षं तेवढी आपली. 'सदर कालावधीत मी घरगुती कारणास्तव घरीच होते. मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही व कोणतीही नोकरी केलेली नाही.'

"दादा, मी काम करत होते," मी म्हटलं.

"ताई, काम लिहिलं की पुरावा मागतात. घरीच होते म्हटलं की कोण पुरावा मागणार? बाईमाणूस घरीच असतं."

पाच वर्षांत माझ्या हातून गेलेली सगळी खोकी त्या एका वाक्यात घरी परत आली. मी सही केली.

फीचं अवघड होतं. भिवंडीतलीच एक संस्था गरीब मुलींची फी भरते, असं सिस्टरकडून कळलं. त्या संस्थेचा फॉर्म बरोबर उलट्या तोंडाचा. त्यांना कष्टाळू मुलगी हवी होती, कामाच्या अनुभवाच्या दाखल्यासकट. ठेकेदार दाखला देईना. तेव्हा काकी स्वतः गेल्या आणि गोदामाचा रस्ता कुणाच्या अंगणातून जातो, एवढंच त्याला विचारून आल्या. त्याने लगेच लेटरहेड काढलं आणि अडला.

"कौन से नाम से दूँ? अभी का, पुराना, कि उससे भी पुराना?"

दर अकरा महिन्यांनी त्याच्या कंपनीचं नाव बदलायचं. शेवटी हाताला लागलं त्या लेटरहेडवर, स्वतः अजून एक वर्षाचीही न झालेल्या कंपनीने, मी तिच्याकडे पाच वर्षं प्रामाणिकपणे काम केल्याचं लिहून दिलं.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता : 'पुढील दहा वर्षांचे नियोजन'. उद्या ये की नको, याच्या पलीकडचा विचार मला माहीत नव्हता. म्हणून कॉलेजच्या भिंतीवरचा तक्ता उतरवून काढला. जीएनएम, मग नोंदणी, मग पोस्ट बेसिक बीएस्सी, मग एमएस्सी, मग अतिदक्षता विभागातली नर्स प्रॅक्टिशनर, आणि जागा उरली होती म्हणून पीएचडी. लिहिताना दुसऱ्याच्या नावाचं पार्सल फोडल्यासारखं वाटत होतं. काकींना वाचून दाखवलं.

"यान सुई कंच्या वर्साला हाय?"

"पहिल्या तीन वर्षांत."

"आनि मंग?"

"मग वॉर्ड सांभाळायचा. मग मुलींना शिकवायचं. मग संशोधन."

"मंजे जेवडी शिकशील तेवडी पेशंटपासून लांब." काकींनी जरा विचार केला. "बराबर हाय. मोठा डॉक्टर बी हात लावीत न्हाय."

मुलाखतीला पालक आणायचे होते. आईबाबांना एवढ्या लांबून येणं झेपणारं नव्हतं, म्हणून पालक म्हणून काकी आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून आणि असेल नसेल ते सोनं घालून. संस्थेच्या मॅडमनी त्यांच्या गळ्याकडे बघितलं, मग माझ्या अर्जातल्या उत्पन्नाच्या रकान्याकडे, मग परत गळ्याकडे.

"या कोण?"

"घरमालकीण," मी म्हटलं. मॅडमच्या चेहऱ्यावरून, हे उत्तर त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं असावं.

मॅडमच्या शेजारी बसलेल्या साहेबांनी फाईल उघडली. संस्थेला कॉलेजच्या कागदांच्याही प्रती हव्या होत्या, त्यामुळे माझे दोन्ही कागद एकाच टाचणीला लागले होते. ही गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली.

"हे काय? इथे म्हणता, कोणतीही नोकरी केली नाही, घरीच होते. आणि इथे पाच वर्षं गोदामात. यातलं खरं कुठलं? की दोन्ही खोटं?"

मी "सर" म्हटलं. खोटं प्रतिज्ञापत्र, पोलीस, यादीतली पुढची मुलगी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"दोनी खरं हाय, साहेब," काकी म्हणाल्या.

"आजी, तुम्ही जरा थांबा."

"मी कशाला थांबू? ते शेत माजा हाय. ही तिथं पाच वर्सं काम करीत होती, मी रोज बघलाय. पन नोकरी? नोकरीला सुटी असते. पीएफ असतो. हिला सांजचे सांगत, उद्या ये, उद्या नको येव. ताप आला तर तापाचा पैसा न्हाय. याला तुमी नोकरी म्हनता? म्हनत असाल तर कागदाव लिवून द्या. मी ठेकेदाराला नेऊन दाखवतं."

कुणी लिहून दिलं नाही. मॅडम पेनाचं टोपण काढून परत लावत बसल्या.

"बरं, पण 'घरीच होते' हे?" साहेबांनी अजून सोडलं नव्हतं.

"घरीच होती. चालीन खोली, चालीमागं शेत. त्याच्या पुढं ती गेली कवा?"

साहेबांनी फाईल मिटली. हसत होते की नाही, ते मिशांमुळे कळलं नाही. मग त्यांनी दहा वर्षांचं नियोजन विचारलं आणि मी भिंतीवरचा तक्ता न चुकता म्हणून दाखवला, पीएचडीपर्यंत.

परत येताना रिक्षात माझा जीव भांड्यात पडला होता, त्या भरात मी नको ते बोलून गेले.

"काकी, गोदाम तुमच्या जागेत आहे. मुलींना पीएफ द्या, असं तुम्हीच का सांगत नाही त्यांना?"

काकींनी गळ्यातलं सोनं पदराखाली घेतलं. मग म्हणाल्या, "भाडा वेलेवर येतो गो."

संस्थेने अर्धी फी भरली. उरलेली अर्धी काकींनी भरली, तिन्ही वर्षं, त्याच वेळेवर येणाऱ्या भाड्यातून. म्हणजे माझ्या जागी आता टेप मारणाऱ्या मुलींच्या जिवावर मी शरीरशास्त्र शिकले, असं धरायला हरकत नाही. ठेकेदार अजून बोट करतो. सकाळी गणवेशात तिथून जाताना मी मान खाली घालते. आणि तरी काकींबद्दल माझ्या मनात येतं ते आभारच. हे दोन कागदही एकाच टाचणीला लागलेले आहेत आणि ते सोडवणं तक्त्यातल्या कुठल्या वर्षाला आहे, मला माहीत नाही.

काकी अजून सुई दिसली की डोळे मिटतात. मी अजून रोज सकाळी जाते.

काकी, तुम्ही हे वाचणार नाही, मलाच वाचून दाखवावं लागेल, म्हणून इथेच सांगून ठेवते. पहिल्या नोकरीचं पत्र मी आधी तुमच्या ओट्यावर बसून वाचीन, सुटी आणि पीएफच्या ओळींसकट. ती नोकरी आहे की नाही ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही हो म्हणालात, की त्या पगारापासून तुम्ही मागायला विसरलेलं भाडं फेडायला लागेन. दर महिन्याला, वेळेवर.