बशीतला चिखल

दिनानाथ चुरींची जीभ सरकारी नोकरीत असती तर तिला बढत्याच बढत्या मिळाल्या असत्या. तारापूरच्या अलीकडे, खाडीकाठच्या चार गावांत कुणी जमीन घ्यायला किंवा विहीर खणायला निघाला, की आधी दिनाकाकांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचं, हा रिवाज. काका वाकायचे, चिमूटभर माती उचलायचे, खडे वेचून टाकायचे आणि उरलेली जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. मग थुंकून निकाल. "खारी हाय. नारळ लाव, केळीच्या नादी लागू नको." कधी नुसतंच, "घेऊ नको." मनोरच्या एका गृहस्थाने न ऐकता घेतली. तीन वर्षं त्या जमिनीवर फक्त लग्नाचे मंडप उगवले.

पोटापाण्यासाठी काकांनी बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काढली. तिथे चाखण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते चाखलं असतं तर एकोणतीस वर्षं भरली नसती. त्यांच्या पत्नी पुष्पलताकाकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "यांना आमटीत मीठ पडलंय का नाय ते कळत नाय. जमिनीतलं बरोबर कळतं."

यंदा फेब्रुवारीत खाडीचं तोंड उपसायचं ठरलं. गाळ इतका साठला होता की ओहोटीला मच्छीवाड्यातल्या होड्या म्हशींसारख्या चिखलात बसून राहत. पोकलेन आलं, दहा-दहा फूट खोल गेलं आणि काठावर निळ्याकाळ्या चिखलाचा डोंगर उभा राहिला. खाडीचा गाळ झाडांच्या बुंध्याशी घालायची इथली रीत पणजोबांपासूनची. तेव्हा माणसं ओहोटीला घमेली घेऊन उतरत, वरवरचा गाळ खरवडून आणत, आणि नारळ लगडत. इथे तर गाळाचा डोंगर फुकट पडला होता आणि ट्रॅक्टर भाग्येशचा तयार होता. भाग्येश म्हणजे ग्रामपंचायतीचा सदस्य, ट्रॅक्टरचा मालक आणि मोबाईलवरून गावच्या बातम्या सोडणारा वार्ताहर, तिन्ही एकातच. आता अडलं होतं फक्त काकांच्या होकारावर.

काका डोंगराशी पोचले तेव्हा तिथे एक मुलगी आधीच उकिडवी बसली होती. वैष्णवी तिचं नाव. पालघर तालुक्यातली कुठली माती उद्या नासण्याच्या वाटेवर आहे, याचा नकाशा करायला निघालेल्या पथकातली. तिच्या पिशवीत रंग जुळवायच्या पट्ट्यांची वही होती, मातीचा आंबटपणा मोजायचं पेनाएवढं यंत्र होतं आणि जगातल्या यच्चयावत मातींना नाव कसं द्यायचं ते सांगणारं जाडजूड पुस्तक होतं.

काकांनी चिखल जिभेवर ठेवला. तिने यंत्र खुपसलं.

"खारट हाय. एका पावसात मीठ धुऊन जाईल," काका म्हणाले.

"सात," वैष्णवी म्हणाली. "आम्ल नाही, अल्क नाही. अगदी मध्यावर."

"म्हणजे तुझं यंत्र न् माझी जीभ एकच बोलतात. तुझ्याला चार्जिंग लागतं, एवढाच फरक."

मंडळी हसली. वैष्णवीही हसली, पण तिने पुस्तक मिटलं नाही. "काका, हिचं नाव आज ठरत नाही. वासावरून शंका येते. ओलसर ठेवून आठ आठवडे हवा लागू द्यायची, मग पुन्हा मोजायचं. आकडा चारच्या खाली गेला तरच नाव द्यायचं, असा नियम आहे. तोवर ही वाड्यांत नका टाकू."

"पोराचं बारसं बाराव्या दिवशी होतं," काका म्हणाले, "आणि तुझ्या मातीला दोन महिने? आत्याबाई रुसल्यात काय?"

या विनोदावर भाग्येशने ट्रॅक्टर चालू केला. जाताना काकांनी हात वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "टाका रे! माझ्या शब्दावर टाका."

महिना उलटायच्या आत बारा वाड्यांत चिखल पडला. पहिली खेप काकांच्या थोरल्या बहिणीच्या, माईच्या वाडीत गेली. सगळ्यात मोठी खंडेराव राऊतच्या पानवेलींना.

वैष्णवीने जाताना चिखलाचा एक गोळा काकांना दिला. "तुम्हीच सांभाळा. रोज चार थेंब पाणी, बाकी काही नाही." काकांनी तो चिनीमातीच्या बशीत घालून खिडकीत ठेवला. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास घरभर. काकी म्हणाल्या, "लोकं मांजर पाळतात, पोपट पाळतात. आमच्यात चिखल पाळतात." पुढे वास गेला. तिसऱ्या आठवड्यात गोळ्याला भेगा पडल्या. पाचव्यात त्या भेगांतून पिवळं काहीतरी उमटलं, कुणी हळदीचं बोट लावावं तसं. काकांना ते आवडलं. हळद लागली म्हणजे शुभच, असं त्यांनी काकींना सांगितलंही.

सहाव्या आठवड्यात माईकडच्या केळींची पानं कडांनी करपली. काका म्हणाले, ऊन. सातव्यात खंडेरावच्या वेलींची पानं पिवळी पडून गळायला लागली. खंडेराव म्हणाला, "दिना, एकदा येऊन बघ रे." काका म्हणाले, उद्या येतो. गेले नाहीत. काका कधी 'उद्या' म्हणत नसत, हे काकींच्या लक्षात आलं.

एप्रिलच्या शेवटी वैष्णवी आली. बशीतला थोडा चिखल पाण्यात कालवून तिने यंत्र बुडवलं. आकडे उतरायला लागले. सहा. पाच. चार. काकांना वाटलं आता थांबेल. तीन पूर्णांक एकवर थांबलं.

"यंत्र बिघडलं तुझं."

तिने दुसरं काढलं. तेही तिथेच येऊन उभं राहिलं.

तेव्हा काकांनी बशीत बोट घातलं आणि जिभेवर टेकवलं. पुढच्या क्षणी त्यांचं अख्खं तोंड आत ओढलं गेलं. हिरड्या आवळल्या, डोळ्यांत पाणी आलं. आंबट म्हणावं तर कैरी याच्यापुढे साखर. वर न्हाव्याकडच्या तुरटीचा खडा चघळल्यासारखी चव. तोच चिखल, तीच जीभ. काकींनी तांब्या पुढे केला. काकांनी चार वेळा चूळ भरली आणि पाचव्यांदा तांब्या नुसताच हातात धरून उभे राहिले.

"ही कसली माती?"

"खोलातल्या चिखलात गंधक असतं, लोखंडाशी बांधलेलं," वैष्णवी हळू आवाजात म्हणाली. "पाण्याखाली असेतो ते झोपलेलं असतं. काहीच करत नाही. म्हणून त्या दिवशी तुमच्या जिभेला लागलं नाही, माझ्या यंत्रालाही नाही. वर काढून हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं."

काकांनी तांब्या खाली ठेवला. गंधकाम्ल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एकोणतीस वर्षं त्याच्या पिंपांवरचं कवटीचं चित्र बघत, कोपरापर्यंत हातमोजे चढवून त्यांनी नोकरी केली होती. थेंब उडाला तर पँटला भोक पडतं. ते सख्ख्या बहिणीच्या झाडांना त्यांनी ट्रॅक्टरने घातलं होतं.

वैष्णवीने पुस्तकात नाव दाखवलं. "थायोनिक. म्हणजे गंधकाची. हेच नाव स्वीडनमध्ये, हेच व्हिएतनाममध्ये. तिथेही लोकांनी अशी माती उघडी पाडली आणि शेतं गमावली. नाव एक असलं की धोकाही आधी कळतो, म्हणून तर ही उठाठेव." मग तिने नकाशा उलगडला. खाडीच्या दोन्ही कडांनी लाल पट्टा होता. जपायचा भाग, उकरायचा नाही असा. पण पट्ट्याबाहेर, गावात, बारा लाल ठिपके होते.

"हे?" काकांनी विचारलं.

"हे आधी नव्हते," ती म्हणाली.

काकांनी ठिपके मोजले नाहीत. मोजायची गरजच नव्हती.

"उपाय?"

"जिथून आणली तिथे परत, पाण्याखाली. बुंध्याशी चुना. पण पावसाआधी. पाऊस पडला की आम्ल मुळांत उतरणार, तिथून विहिरींत."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओसरीवर सभा भरली. भाग्येशने मोबाईल आधीच उभा धरला होता. त्याला सगळं कळलं होतं, फक्त त्याच्या पद्धतीने. "खाडीत कंपन्यांनी आम्ल सोडलं, तेच चिखलात उतरलं! मोर्चा काढू, भरपाई घेऊ. आणि ऐका, पंचनामा होईपर्यंत कुणी एक घमेलं हलवायचं नाय. पुरावा हाय तो. काका, तुमी फक्त दोन वाक्यं बोला. तुमचा शब्द म्हणजे झालं!"

ओसरी गरजली. कंपन्यांचं नाव घेतलं की इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. सालवडच्या नाल्याचा रंग शाळेतली पोरंसुद्धा वारांप्रमाणे सांगतात. काका उठले. दोन वाक्यं बोलायची आणि घरी जायचं, इतकं सोपं होतं. जिभेचं नाव शाबूत राहिलं असतं. आणि पंचनाम्याची वाट बघत चिखल जूनपर्यंत बुंध्याशी बसला असता.

"कंपनीची पापं कंपनीजवळ," काका म्हणाले. "हे तिचं नाय. हे आपल्या चिखलातच होतं. खोल होतं, झोपलेलं होतं. आपण उठवलं. पोरगी थांबा बोलली होती. मी टाका बोललो. माझ्यामुळे झालंय."

"काका, बंद करू का रेकॉर्डिंग?" भाग्येश कुजबुजला.

"चालू ठेव. न् ट्रॅक्टर पण चालू कर. सगळा चिखल परत खाडीत, आजपासून."

कुणी हसलं नाही, कुणी शिव्याही घातल्या नाहीत. काकांना ते शिव्यांपेक्षा जड गेलं. बायकांच्या बाजूने माई काठी टेकत उठली. सत्तरी ओलांडलेली, भावाला अजून एकेरीत दटावणारी. "दिना, माझ्या वाडीतला आधी उचल. बहीण हाय म्हणून नाय बोलत. माझ्याकडनं पाट खाली सगळ्यांकडे जातो." एवढं बोलून ती घरी गेली, चहाला ये म्हणाली नाही.

दुपारपर्यंत तिच्या वाडीत दहा-बारा माणसं फावडी मारत होती. काकांनी कपाटातून कारखान्यातले जुने हातमोजे काढून आणले होते. एक स्वतः घातला, दुसरा पलीकडच्या माणसाला दिला. झाडं निम्मी वाचतील, असं वैष्णवीचं म्हणणं. खंडेरावच्या पानवेली त्यात नव्हत्या. त्या गेल्याच होत्या.

चारच्या सुमारास खंडेराव आला. स्वतःचं फावडं घेऊन. काका कंबर सरळ करून उभे राहिले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. खंडेरावने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो पलीकडच्या माडाशी गेला, लुंगी खोचली आणि काकांकडे पाठ करून चिखल ओढायला लागला.