शंकर कडूंच्या त्र्याहत्तर खुणा

बुऱ्हाणपूरच्या लालबागपासून शाहपूरपर्यंतच्या रस्त्यावर शंकर कडूंनी सव्वीस वर्षं मिनीबस चालवली. त्यांचे वडील अकोल्याकडून कागद कारखान्यात नोकरीला आले होते. मुलालाही तिथेच चिकटवायचं त्यांच्या मनात होतं, पण मुलाचा जीव स्टिअरिंगवर. पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा शंकररावांना बस सोडावी लागली. त्यानंतर दोन वर्षं ते घरीच होते. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे काय, ते त्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना विचारावं. त्या भाजी घेऊन आल्या, की कुठल्या गल्लीतून गेलीस, सरळ रस्ता सोडून तिकडून का गेलीस, हे आधी सांगावं लागायचं.

मार्चमधल्या एका सकाळी पूनम त्यांच्याकडे आली. ही शाहपूरच्या अलीकडच्या फाट्यावरची मुलगी. बारावीपर्यंत ती रोज त्यांच्याच बसने बुऱ्हाणपूरला शिकायला यायची. आता इंदूरला इंजिनिअर झाली होती आणि चार जणांबरोबर आपोआप चालणारी गाडी तयार करत होती. गाडी चालवून बघायला त्यांच्या टीमने इथेच एक खोली घेतली होती.

"काका, आमची गाडी रस्त्यात हरवते," ती म्हणाली.

"मंग नकाशा दे ना तिला."

"तोच तर लफडा आहे. मोठ्या शहरातल्या गाड्यांना इंच न् इंच रस्त्याचा नकाशा लागतो. तो इतका जड असतो, की साध्या गाडीत मावत नाही, आणि आपल्याकडे नेटवर्कचं तर तुम्हाला माहीतच आहे. म्हणून आम्ही हलका नकाशा करतोय, नुसत्या खुणांचा. गाडी कॅमेऱ्याने खूण बघते, ती किती लांब आहे ते मोजते आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखते."

खुणा डिसेंबरात कॉम्प्युटरनेच निवडल्या होत्या. गेल्या सोमवारी मात्र गाडीला वाटलं, की आपण आहोत त्यापेक्षा चाळीस मीटर पुढे पोचलोय. तिने सरळ शेताकडे वळण घेतलं. स्टिअरिंगमागे बसणाऱ्या, टीममधल्या अक्षयने वेळेवर ब्रेक मारला म्हणून बरं.

पूनमने लॅपटॉपवर त्या जागेचे फोटो दाखवले. शंकरराव हसायला लागले. "हा तर मोबाईलच्या दुकानाचा फ्लेक्स. आज इथं, उद्या तिथं. आणि ही केळीच्या बागेची कड! बाग तर कापली असंल आता."

"मागच्याच आठवड्यात कापली."

"मंग बिचाऱ्या गाडीचा काय दोष?"

"थंडीत एवढं धुकं असायचं, तरी तुम्ही बस बरोबर आमच्या फाट्यावर थांबवायचात. कशावरून ओळखायचात?"

हे त्यांना सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि रस्ता बोलून दाखवायला सुरुवात केली. पूनमने लिहून घेतलं, पण पंधरा मिनिटांनी तिने वही मिटली. "काका, तुम्ही चलाच."

चार दिवस ते तिच्या स्कूटीवर मागे बसून हिंडले. छोट्या पुलाचे कठडे, मैलाचे दगड, दोन खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी हे घ्यायचं. पानटपरी, ट्रॉल्या, केळीची बाग, पुढाऱ्यांचे बोर्ड हे सोडायचं. एका ठिकाणी मात्र दोघांचं वाजलं. चुन्याने रंगवलेल्या मारुतीच्या देवळीला पूनमचा नकार होता; सणावाराला तिचं रूप बदलतं, असं तिचं म्हणणं.

"मी लहान होतो तव्हापासून आहे ती," शंकरराव अडून बसले. शेवटी देवळी नकाशात गेली.

हनुमान जयंतीला गावकऱ्यांनी भंडाऱ्यासाठी देवळीपुढे मांडव घातला. कॅमेऱ्याला देवळी दिसलीच नाही. पुढे अर्धा किलोमीटर दुसरी खूण नव्हती. गाडी भर रस्त्यात थांबून राहिली आणि मागे केळीच्या ट्रकांनी हॉर्नचा धडाका लावला. शंकररावांना ते फार लागलं. दोन दिवस ते गेले नाहीत. पूनमचा फोन आला, तोही यमुनाबाईंनीच घेतला.

तिसऱ्या दिवशी ते आपणहून टेंपोत बसून टीमच्या खोलीवर पोचले.

"बेटा, माझी चूक झाली. मी बस चालवायचो तव्हा एका खुणेवर कधीच नाही राहिलो. डाव्या हाताला एक धरायची, उजव्या हाताला एक. एक झाकली तर दुसरी सांगते. हे हातात इतकं बसलं होतं, की सांगायचंच राहून गेलं."

 पूनम म्हणाली, "हे तर आमच्याही ध्यानात यायला हवं होतं."

पुन्हा स्कूटी निघाली. या वेळी खुणा जोडीजोडीने घेतल्या, एका वळणावर तर तीन. देवळीच्या समोरच्या बाजूला एका जुन्या विहिरीचं, पूर्वी मोटेचं पाणी पडायचं ते दगडी थारोळं सापडलं, म्हणून देवळीही राहिली. शाहपूरपर्यंत एकूण त्र्याहत्तर खुणा झाल्या. पूनमने सांगितलं, की हा सगळा नकाशा मोबाईलवरच्या एका फोटोपेक्षाही लहान आहे. शंकररावांचा विश्वास बसेना. त्यांनी तिला ते दोनदा सांगायला लावलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठला, गाडी लालबागहून निघाली. अक्षय स्टिअरिंगमागे होता, पण हात मांडीवर ठेवून. पूनम त्याच्या शेजारी, आणि मागे शंकरराव आणि यमुनाबाई. पहिले चार-पाच किलोमीटर शंकररावांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता.

"अहो, तिथं ब्रेक नाही," यमुनाबाई हळूच म्हणाल्या. पूनमला हसू आवरेना.

देवळी गेली. मैलाचे दगड एकेक करून मागे पडले. एक बैल आडवा आला तेव्हा गाडी आपोआप थांबली आणि तो गेल्यावर पुन्हा चालू लागली. हळूहळू शंकररावांचा पाय सैल पडला. मग त्यांनी मान वळवून बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. इतकी वर्षं समोरच बघायचं असल्यामुळे खुणांच्या पलीकडचं काही धड पाहणं झालंच नव्हतं. केळीच्या बागांमागे एक छोटं तळं होतं. काठावर बायका गोधड्या धूत होत्या आणि धुतलेल्या गोधड्या दगडांवर वाळत होत्या.

"हे तळं कधी झालं?" त्यांनी विचारलं.

"मी लग्न होऊन आले तव्हापासून आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "माहेरी जाताना दर खेपेला बघते मी."

शाहपूरला पोचेपर्यंत त्या एकेक दाखवत गेल्या आणि ते बघत गेले. बाजारापाशी गाडी थांबली. सगळ्यांनी उतरून चहा घेतला. परतायची वेळ झाली, तेव्हा शंकरराव पलीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"जाताना तळं या बाजूला येतंय. आता मी या खिडकीपाशी बसतो," ते म्हणाले.