मलमाची बरणी

लोणारला आमच्या आळीत पोरांचे डोळे आले, तेव्हा मी धाकटीला घेऊन दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. ठेंगण्याशा, पदर खोचलेल्या. मलम लावायला दर लेकरासाठी उकळलेली वेगळी काचकांडी घेत, आणि आधी त्याच्या गालावरून हात फिरवत.

रांगेतल्या एका आजोबांना दम निघेना. नातवाचे डोळे पुसलेलं बोट त्यांनी सरळ मलमाच्या बरणीत घातलं. बाईंनी बरणी उचलून बाजूला ठेवली.

"येवढं मलम वाया घालता काऊन, बाई?" आजोबा ओशाळून म्हणाले.

"बाबा, आता हे लावलं तं तुमच्या नातवाचा आजार साऱ्या लेकराईले जाईन. नवं येऊ द्या."

दवाखान्यात तेवढी एकच बरणी होती. मला रडू आलं. धाकटीला डोळे उघडता येत नव्हते. बाईंनी ते उकळून गार केलेल्या पाण्याने पुसले आणि आमचं घर विचारून घेतलं.

संध्याकाळच्या एसटीने मलम आलं. बाई घरोघरी फिरल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा धाकटी नुकतीच झोपली होती.

"झोपू द्या तिले," म्हणाल्या आणि ती उठेपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या.

धाकटीचे डोळे पुढे छान निवळले. बाईंच्या घरीही त्या संध्याकाळी कोणी वाट पाहत असेल, हे मात्र मला त्या गेल्यावर सुचलं.