नवरीच्या गाडीतला उजेड

आमची व्हॅन झाडायला घेतली की सीटखालून मूठभर हेअरपिना निघतात आणि प्रत्येक पिनेमागं एक लग्न असतं. मी नवऱ्या सजवते. जाऊबाई केस आणि साडी बघतात, आमचे हे गाडी चालवतात. कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत चाळीस बायका, बारा पिशव्या आणि एक बल्ब! म्हणून आम्ही मेकअप गाडीतच करतो. पडदे, आरसा, खुर्ची, पंखा, सगळं होतं. उजेड तेवढा नव्हता.

त्यात माझा स्वभाव काळजीचा. जाऊबाई म्हणतात, "हिला शांत झोप लागली तर ही उठून बघते, का लागली म्हणून!"

*

मोहोळच्या लग्नात छतातल्या मिणमिणत्या दिव्याखाली मी नवरी सजवली. चेहरा काळवंडलेला वाटला, म्हणून फाउंडेशनचा एक हात दिला. तरी समाधान होईना, दुसरा दिला. दार उघडून नवरी उन्हात उतरली आणि बघते तर काय! चेहरा पांढराफटक, मान गव्हाळ!

तिच्या आत्यानं हनुवटी धरून इकडून तिकडून पाहिलं.

"पोरगी आमचीच हाय," आत्या म्हणाली, "पर पिठात कशाला घोळली?"

आमच्या धंद्यात एक नवरी बिघडली की त्या गावची पुढची लग्नं हातची गेली म्हणून समजा. आठवडाभर मला घास गोड लागला नाही. शेवटी हे म्हणाले, "उजेड वाढवून घेऊ, पण तू जेव बाई."

*

वायरमन अण्णांनी छताला आणि आरशाभोवती एलईडीच्या पट्ट्या ओढल्या आणि दोन बटणं दिली.

"एक दाबलं की दिवस," अण्णा म्हणाले. "दोन्ही दाबलं की सोलापूरचा मे महिना!"

जाऊबाईंनी हौसेनं दोन्ही दाबली, आरशात पाहिलं आणि किंचाळल्याच. "बंद कर गं! घरातनं निघताना मी अशी नव्हते!"

*

पट्ट्या गाडीच्याच बॅटरीवर होत्या, ही गोष्ट आम्हाला माढ्याला कळली. गाडी नवरीच्या दारात, नवरी तयार, मुहूर्त वीस मिनिटांवर, कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. ह्यांनी चावी फिरवली. गाडी नुसती कण्हली आणि गप्प बसली.

बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि गाडीला खांदा लावला. पारावर बसलेले एक आजोबा ओरडले, "अजून लगीन लागायचंय, आन् पोरीला आत्ताच ढकलून काडाय लागलाय व्हय?"

नवरी पदर तोंडात कोंबून हसत होती. मी मात्र देवाचं नाव घेत होते. त्यानंतर अण्णांनी दिव्यांसाठी वेगळी बॅटरी बसवली.

*

उजेडाची कीर्ती अशी पसरली की नवरी राहिली बाजूला! कुणी सुईत दोरा ओवायला येतं, कुणी डोळ्यातलं कुसळ काढून घ्यायला. अक्कलकोटकडं तर एक काकू अक्षतांचे तांदूळ निवडायला परात घेऊनच आत शिरल्या. नवरीच्या आजीला मी हौसेनं जरा पावडर लावली. आजी "साकु, साकु" म्हणत राहिली, म्हणजे कानडीत पुरे, पुरे. पण खुर्चीवरून काही उठेना!

*

माळशिरसकडची स्वाती मात्र खुर्चीत बसली ती मानेभोवती पदर घट्ट ओढूनच. तिच्या मामी सोबत आल्या होत्या. त्यांनी पडदा ओढला आणि स्वातीच्या कानामागचे केस बाजूला केले. कानापासून मानेपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता.

"हे झाकायचं," मामी कुजबुजल्या. "पोराकडं ठावं न्हाय. दिसलं तर लगीन मोडतंय. मुलगा लई संस्कारी हाय हो, एका फोटोतबी टोपीबिगर न्हाय. सुपारीलाबी फेटा बांदूनच बसला हुता."

मामी गेल्या आणि मी रंगाची डबी उघडली. डाग झाकणं अवघड नव्हतं. पण बाहेर ऊन रखरखत होतं. घाम येणार, हार घासणार. अक्षता पडताना रंग उतरला तर? मी तीनदा लावलं, तीनदा पुसलं. मोहोळची नवरी डोळ्यांपुढून हलेना.

स्वातीनं आरशात माझ्याकडं पाहिलं. "ताई, माझ्यापेक्षा तुमीच जास्त भ्यालाय की."

मग तिनं ओला रुमाल घेतला आणि मान स्वच्छ पुसून काढली. "त्यांना हितं बोलवा. आत्ताच काय ते होऊ द्या. रोज सकाळी उटून मला हे रंगवायचं न्हाय."

मी जाऊबाईंकडं पाहिलं. त्यांनी दार उघडून ह्यांना हाक मारली. हे जाऊन नवरदेवाला घेऊन आले. भरजरी फेटा, कपाळाला मुंडावळ्या. तो वाकून आत आला आणि अंग चोरून बसला. स्वातीनं मान वळवली आणि केस बाजूला धरले.

"हे हाय माझं. बगून घ्या. न्हाय म्हणायचं आसंल तर आत्ता म्हणा."

तो बघत राहिला. आता हा उठणार, बाहेर जाऊन बापाला सांगणार, असंच मला वाटत होतं.

"लाइट आजून वाडतोय का, ताई?" त्यानं विचारलं.

मी दुसरं बटण दाबलं. गाडीत मे महिना झाला. त्यानं मुंडावळ्या सोडल्या, दोन्ही हातांनी फेटा उचलला आणि अलगद माझ्या मेकअपच्या पेटीवर ठेवला.

स्वातीनं त्याच्याकडं पाहिलं. वर पाहिलं. परत त्याच्याकडं पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "पयली पावडर ह्यांच्या डोक्याला लावा की. लई चमकतंय!"