तेरावं अडवणारे गुरुजी

गुरुजींचा पहिला प्रश्न ठरलेला असे. गंगेवर, म्हणजे रामकुंडावर, दशक्रियेला माणसं आली की बाकीचे गुरुजी नाव आणि गोत्र विचारत. हे विचारत, "वय काय होतं?" ऐंशीच्या पुढचा आकडा ऐकला की मान डोलावून कामाला लागत. पन्नाशीतला असला की समोरच्यांनी काहीतरी हरवून आणल्यासारखं त्यांच्याकडे बघत आणि दुसरा प्रश्न टाकत, "तपासलं कधी होतं?" घाटावरचे पुरुष तेव्हा एकमेकांची तोंडं बघत. बायका खाली बघत, कारण उत्तर त्यांना माहीत असे.

पिंडाशेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीच्या वस्तू मांडायची पद्धत आहे. कुणी चहाचा कप ठेवतं, कुणी जिलबी, आणि हमखास कुणीतरी तंबाखूची पुडी ठेवतं. गुरुजी चहा-जिलबीला हात लावत नसत. पुडी मात्र उचलून ठेवणाऱ्याच्या हातात परत देत. "याच्यानंच गेला ना? मग आता तरी सोडा त्याला." कुणी कुरकुर केली की म्हणत, "मीही खायचो. दोन दात आणि एक धाकटा भाऊ गेला, तेव्हा सोडली." आणि निघणाऱ्या मंडळींना रोज तोच निरोप, "माझ्याकडे सगळ्यांनाच यायचंय. घाई करू नका."

माझी त्यांची गाठ पडली ती वडिलांच्या दशक्रियेला. आम्ही मखमलाबादकडचे, फुलं आणि भाजीपाला करणारे. मी त्या वेळी आरोग्याचं काम करणाऱ्या मुलामुलींच्या गटात होते. तिशी ओलांडली की पुरुषांनी वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी, तंबाखू सोडावी, रोज चालावं, अशी पत्रकं आम्ही मंडईत वाटत होतो. लोक ती पालकाच्या जुड्यांखाली अंथरत. वडिलांच्या छातीत आठवडाभर जळजळत होतं. ते सोड्याचं पाणी पीत होते आणि म्हणत होते, माल उतरवून येतो, मग बघू. माल उतरला. ते गाडीतच गेले. वय बावन्न.

मला त्याचा राग होता, आजही आहे. बैल खायचा थांबला तर त्याच दिवशी ढोरांचा डॉक्टर बोलावणारी आमची माणसं. झेंडूच्या पानावर ठिपका दिसला तर पान पिशवीत घालून कृषी केंद्रात नेणारी. स्वतःच्या छातीत कळ आली की मात्र गॅस. याला मर्दपणा म्हणतात. मी निष्काळजीपणा म्हणते, आणि त्याचा भुर्दंड बायका-पोरं भरतात.

त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी नातेवाईक गेलेल्या माणसाला मोठ्यानं शब्द देतात, म्हणजे त्याचा जीव अडकलेला असेल तर सुटावा. चुलते पुढे झाले. "वैनीला काय कमी पडू देनार नाय." कावळा कठड्यावर बसून राहिला. "प्राजूचं लगीन लय थाटात करू." प्राजू म्हणजे मी. मी चुलत्यांकडे नुसतं बघितलं. कावळ्यानंही तेच केलं. शेवटी गुरुजी दादाला म्हणाले, "हातात पाणी घे. म्हण, उद्या सकाळी मी रक्तदाब तपासून घेईन." माझा भाऊ तिशीचा, वडिलांचंच अंग, वडिलांसारखीच ओठाखाली तंबाखूची चिमूट. तो गोंधळून बोलला आणि पाणी सोडलं. कावळा तरीही आला नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि दादाला सांगितलं, "पक्षी आला नाही, तरी शब्द दिलेला आहे."

दादा अर्थातच गेला नाही. तेराव्याला दारात मांडव होता, चुलीवर बुंदीची कढई होती, सोयरे बसले होते. गुरुजी आले, पाटावर बसले आणि त्यांनी विचारलं, "तपासलं का?"

"टाइम नाय मिळाला गुरुजी. हे झालं की जातो."

"मग मी थांबतो. जाऊन ये."

"आत्ता? एवढी मानसं बसलीत."

"म्हणून तर. त्यांनाही भूक लागलीय, लवकर ये."

चुलते भडकले. दुसरा गुरुजी आणू म्हणाले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "आणा. मी उठत नाही, एवढंच." मग आई आतून बाहेर आली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, "जा रे बाबा. मला परत हे करायचं नाय."

तुळतुळीत डोक्याचा, रागानं लाल झालेला दादा गावातल्या दवाखान्यात गेला, मागोमाग मी. डॉक्टरांनी पट्टा बांधला, यंत्राकडे बघितलं, पट्टा सोडून दुसऱ्या हाताला बांधला. दादा म्हणाला, "मशीन बिघडलंय का?" डॉक्टर म्हणाले, "मशीन नीट आहे. तू हे घेऊन फिरतोयस कसा?" आम्ही परतलो तेव्हा बुंदी थंड झाली होती आणि दादाच्या खिशात गोळ्या होत्या. गुरुजींनी खिशाकडे बघितलं. "आचमन कर," म्हणाले आणि विधी सुरू केला.

नंतर मी त्यांच्याशी भांडायला घाटावर गेले. दुःखातल्या माणसाला असं कोंडीत पकडणं बरोबर नाही, असं तोंडावर सांगितलं. त्यांनी माझं पत्रक मागून घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं. "चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "पण मला ते पटलं यात काय मोठंसं? मला आधीच पटलेलं होतं."

"लोकांना धर्माची भीती घालून काही करवून घेऊ नये, गुरुजी."

"भीती कुठे घातली? मी नुसतं अडवलं. तुझ्या वडिलांना माल भरताना कुणी अडवलं असतं तर?"

तरी मी वाद सोडला नाही, आणि त्यांनीही मला 'पत्रकवाली' म्हणून हाका मारणं सोडलं नाही. मी गेले की यजमानांसमोर माझी ओळख करून देत, "ही माझ्या धंद्याच्या मुळावर उठलीय. हिचं ऐका."

ते स्वतः पंचवटीतून घाटावर चालत येत. कुणी स्कूटर थांबवली की हातानंच पुढे जायची खूण करत. तेराव्याच्या पंगतीत पापड आणि लोणचं पानातून बाजूला सारत. दर पौर्णिमेला रक्तदाब तपासून घेत. "तारीख विसरतो मी, तिथी विसरत नाही." यातूनच त्यांनी मला एक गोष्ट दिली. म्हणाले, "तू लिहितेस वर्षातून एकदा. केव्हा, ते कुठे लिहितेस? बापाचं वर्षश्राद्ध आपल्याकडे कुणी चुकवत नाही. लिही, त्याच आठवड्यात स्वतःचं रक्त तपासा." पुढच्या पत्रकात मी हेच पहिलं वाक्य छापलं. ते पत्रक जुड्यांखाली गेलं नाही असं म्हणणार नाही, पण काही माणसं ते घडी करून खिशात घालताना मी बघितली.

गुरुजी गेल्या वर्षी गेले, ऐंशी ओलांडून, चार दिवसांच्या तापानं. दादानं खांदा दिला.

आणि यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई माझ्याजवळ आली. "तुझ्या भावाच्या गोळ्यांची पाकिटं संपनात गं." मी खळ्यात गेले. पिकअपमध्ये झेंडूचे क्रेट चढत होते. मुंबईचा माल, दसऱ्याची पहाट गाठली नाही तर त्या फुलाला कुणी विचारत नाही.

"दादा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बरं वाटतंय मला. रोज कशाला औषध पोटात ढकलायचं?"

"गोळ्या घेत होतास म्हणून बरं वाटत होतं."

"प्राजू, दसरा होऊ दे. मग जातो."

मी केबिनमध्ये हात घालून किल्ली काढून घेतली. दादानं मागितली, मग ओरडून मागितली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, फूल तापतंय." मी म्हटलं, तापू दे. हमाल थांबले. आई पिकअपच्या मागच्या फाळक्यावर जाऊन बसली. तिला कोण उतरवणार होतं?

दवाखान्यात दादा माझ्याकडे बघत नव्हता. मुंबईचा बाजार हातचा जाईल, याला जबाबदार तू, असं मात्र त्यानं डॉक्टरांसमोर दोनदा ऐकवलं. मी हो म्हटलं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. दादानं शर्टाची बाही वर सरकवली. मी दारात उभी राहिले, किल्ली मुठीत धरून, आणि पट्टा सुटून नवी चिठ्ठी लिहून होईपर्यंत ती कुणालाही देणार नव्हते.